रडून नाही राहिलो

संत्र्याचं साल दुमडून दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर दाबायचं, हा खेळ नागपूरच्या पोट्ट्यांना कुणी शिकवावा लागत नाही. केशरी बाजू बाहेर, पांढरी आत, अंगठा आणि दोन बोटांत धरून एक चिमटा. सालावर जे बारीक खड्डे दिसतात त्यांच्याखाली तेलाच्या पिशव्या असतात. त्या फुटतात आणि इतकी बारीक चिळकांडी उडते की ऊन समोरून येत असेल तरच दिसावी. मग समोरचा डोळे चोळत बसतो.

"काऊन बे, रडून राहिला?"

"रडून नाही राहिलो, पाणी येऊन राहिलं."

उत्तर शास्त्राला धरून आहे. सालातलं तेल बुबुळावर पडलं की तिथली नस मेंदूला कळवते आणि मेंदू दुसऱ्या नसेवाटे पाणी सोडायला सांगतो. दुःखाचा इथे काही संबंध नाही. पाणी सोडणारी ग्रंथी असते भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत, बदामाएवढी. पुष्कळांना वाटतं की आसवं नाकाकडच्या कोपऱ्यातून येतात. ती तिथून जातात. तो कोपरा म्हणजे मोरी.

सालाचा हा खेळ निव्वळ वात्रटपणा आहे असंही नाही. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग पेनिसिलिनच्या आधी, १९२१-२२च्या सुमारास, वेगळ्याच गोष्टीच्या मागे होता. नाकाच्या शेंबडात आणि आसवांत जंतू विरघळवणारं काहीतरी आहे असं त्याला दिसलं होतं. प्रयोगाला आसवं हवीत, आणि मागितल्यावर रडणार कोण? तेव्हा त्याने लिंबाचा आधार घेतला. सहकाऱ्यांच्या आणि भेटीला आलेल्यांच्या डोळ्यांतून लिंबाने पाणी काढून ते गोळा केलं. त्यातून जे हाती लागलं ते लायसोझाइम. त्याला संत्र्याचा गाव माहीत असता तर पोट्ट्यांनी फुकटात भांडं भरून दिलं असतं.

कांद्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. सुरी धारदार हवी आणि कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेला हवा. बाकीचे उपाय करमणुकीचे.

खरी गंमत मे महिन्यातली. दुपारी दोनला वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं राहून बघावं. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेले, गॉगल लावलेले लोक लाल दिवा लागला की गॉगल कपाळावर सरकवतात आणि दुपट्ट्याच्या टोकाने डोळे टिपतात. पारा पंचेचाळीसकडे, हवेत टिपूसभर ओल नाही, आणि डोळ्यांतून मात्र धार. त्यांना सांगा की तुमचे डोळे कोरडे पडलेत म्हणून पाणी येतंय, वेड्यात काढतील.

पण तसंच आहे. डोळ्यावर पाण्याचा जो पडदा असतो तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ. एका डोळ्यातलं सगळं पाणी मिळून सात मायक्रोलिटरच्या आसपास, म्हणजे औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाच्या चौथा-पाचवा हिस्सा. या पडद्याच्या तळाशी चिकट थर, मधे पाणी, वर तेलाचा तवंग. तर्रीवर असतो तसाच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. तेल येतं पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. हे तेल घट्ट झालं, ग्रंथींची तोंडं बुजली, की तवंग विरतो आणि पाणी उडून जातं. बुबुळ मधेमधे उघडं पडतं, नस बोंब मारते आणि बदामाएवढी ग्रंथी घाईघाईने लोंढा सोडते. त्या लोंढ्याला तेलाची जोड नसते, तो डोळ्यात ठरत नाही, गालावर येतो. डोळा पुन्हा कोरडा.

दवाखान्यात याची तपासणी पाच मिलिमीटर रुंद कागदी पट्टीने होते. टोक दुमडून खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. दहा मिलिमीटरहून जास्त भिजली तर ठीक, पाचाच्या आत राहिली तर पाणीच कमी. पण पट्टीला फक्त पाणी कळतं, तेल कळत नाही. म्हणून डोळ्यात पिवळा रंग घालून पापणी न मिटता पडदा किती सेकंद टिकतो तेही मोजतात. दहाच्या आत फाटला की तेलाचा घोटाळा.

यावर नागपूरचा सर्वमान्य उपाय म्हणजे नळाखाली तोंड धरून डोळ्यांवर सपासप पाणी मारणं. छान वाटतं, पण पाच मिनिटंच. आसवांत मीठ जवळपास रक्ताइतकंच असतं, म्हणून ती झोंबत नाहीत. साधं पाणी अळणी. ते उरलासुरला तवंगही धुऊन नेतं. त्यापेक्षा स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं ठेवावं. फडकं दोन मिनिटांत निवतं, पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. इथेच बहुतेक जण कंटाळतात आणि गुण आला नाही म्हणतात. नंतर बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर अशी हलकेच निपटायची. उन्हाळ्यात डोळ्यांना शेक म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं बघतच राहतात, पण तूप काय, तेल काय, वितळायला ऊबच लागते.

आणि कूलर. त्याच्या ताट्या कितीही ओल्या असोत, झोत तोंडावर घेऊन रात्रभर झोपलं तर सकाळी डोळ्यांत वाळू. पट्ट्या वळवून झोत पायांकडे करायचा. फुकटचा उपाय आहे, म्हणून कुणी करत नाही.

औषधाचा थेंब एकच पुरतो हे वरच्या हिशेबावरून कळतंच; दुसरा गालावर जातो किंवा मोरीत. मोरी म्हणजे पापणीच्या नाकाकडच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, वर एक, खाली एक. तिथून पिशवी, पिशवीतून नळी, आणि नळी नाकात उघडते. रडताना नाक वाहतं ते म्हणून, आणि डोळ्यातलं औषध घशाला कडू लागतं तेही म्हणूनच. थेंब टाकला की डोळा मिटून तो कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा.

काही बाळांत या नळीच्या नाकाकडच्या तोंडाशी पडदा राहून जातो. एक डोळा सारखा ओला, सकाळी चिपडांनी चिकटलेला. नख कापलेल्या बोटाने कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली पाच-दहा वेळा दाबत न्यायचं, दिवसातून तीन-चारदा. वर्षाच्या आत बहुतेकांचा आपोआप उघडतो. तोवर काजळ नको, मग आजी कितीही रुसो.

एक प्रकार मात्र विलक्षण आहे. लकव्याने तोंड वाकडं झालेल्या माणसाची नस बरी होताना कधीकधी वाट चुकते. लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले तंतू आसवांच्या ग्रंथीला जाऊन मिळतात. मग घास तोंडात गेला की त्या बाजूच्या एकाच डोळ्यातून पाणी. वैद्यकात याला मगरीचे अश्रूच म्हणतात. सावजीच्या टेबलावर हा आजार ओळखणं अशक्य. तिथे पहिल्याच घासाला सगळ्यांचे दोन्ही डोळे आणि नाक वाहत असतं. शंका आलीच तर दहीभात वाढून बघावा.