दहा गोळ्यांची पाकिटं

जुलै २०२२, महिनाअखेरचा सोमवार. पावसाने ट्रान्स-हार्बरच्या गाड्या रखडलेल्या, तरी नवी मुंबईतल्या आमच्या एआरटी केंद्राबाहेर साडेआठलाच रांग. एचआयव्हीची सरकारी औषधं मोफत मिळतात ती ही जागा. मी तिथे फार्मसिस्ट. कपाट उघडलं तर टीएलडीच्या डब्या चाळीस आणि त्या दिवशीची माणसं एकशे दहाच्या वर.

टीएलडी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर, तिन्ही एका गोळीत. रोज एक, डबीत तीस. केंद्र सरकारने २०२१ ते २०२६ साठी एड्स नियंत्रणाला १५,४७१.९४ कोटी मंजूर केलेत, पण मंजुरी आणि कपाट यांच्या मधे निविदा असते. ती लांबली की मी डब्या फोडून दहा-दहाची पाकिटं करत बसते. डबीतली सिलिकाची पुडी फेकू नका, गोळीला दमट हवा लागू देऊ नका, असं एरवी मीच सगळ्यांना बजावते. आणि ऐन पावसाळ्यात कागदी पाकीट!

अकराच्या सुमारास एपीएमसीतले एक माथाडी मामा खिडकीशी आले. पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"ताई, दहाच?"

"सगळ्यांना दहाच आहेत मामा. पुढच्या गुरुवारी या."

"महिन्यातनं एक खाडा मुकादम ऐकून घेतो. दहा-दहा दिवसांनी गेलो की टोळीतली पोरं विचारणार, मामा, झालंय काय तुम्हाला? मी काय सांगू?"

मजुरी बुडेल, हे माझ्या लक्षात होतं. हे नव्हतं.

त्यांचा थोरला भाऊ याच आजाराने गेलाय. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत औषध सुरू झालं, त्याच्या आधी. दोन एकर विकून बाहेरून गोळ्या आणल्या. पैसे संपले, गोळ्या थांबल्या, माणूस गेला. त्यामुळे गोळ्या मोजून मिळायला लागल्या की मामा घाबरतात.

मागे उभ्या बाईंनी पिशवीतून सीलबंद डबी काढली. त्यांना मे महिन्यात तीन महिन्यांचं एकदम मिळालं होतं. "ही यांना द्या. मी आज दहावर भागवते."

दिलेलं औषध परत घेता येत नाही, एकाच्या नावावरचं दुसऱ्याला तर नाहीच. बॅच नंबर, रजिस्टर, सगळं आलं. मी तसं सांगितलं.

"मग तुम्ही बघू नका," बाई म्हणाल्या.

मी रजिस्टरमध्ये मान घातली. दोघंही बाकड्याकडे गेले. मामांच्या नावापुढे मी दहाच लिहिल्या होत्या. दिल्या होत्या दहाच.

त्याच सुमारास दिल्लीत रुग्ण धरणं धरून बसले होते. मागणी साधी होती, महिन्याचं औषध एकदम द्या.

गुरुवार आला. मामा आले नाहीत. संध्याकाळी न आलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव निघालं. अशा रुग्णाला त्याच दिवशी फोन करायचा असतो. बाकीच्या सगळ्यांना केले.