पहिला सामना कोणी जिंकला? तुम्ही विचारलंत म्हणून

नोकरीच्या निमित्ताने कोलकात्यात बारा वर्षे काढून कोल्हापुरात परतलो, तेव्हा मला वाटले होते की लोक दुर्गापूजेबद्दल विचारतील, फार तर मिठाईबद्दल. पण शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने बघत ज्यांचे बालपण गेले, त्यांना मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांची नावे पाठ असतात. इकडचे तिकडचे दोन शब्द झाले की प्रश्न येतोच : "या दोघांचा पहिला सामना नेमका कधी झाला, आणि कोणी जिंकला?" आजवर हे उत्तर मी तोंडी, घाईघाईने आणि समोरच्याचा चेहरा पाहून देत आलो. आता एकदा नीट लिहून काढतो.

सरळ उत्तर असे : २८ मे १९२५ रोजी, कलकत्ता फुटबॉल लीगमध्ये, ईस्ट बंगालने मोहन बागानला १-० असे हरवले आणि तो एकमेव गोल नेपाल चक्रवर्ती यांनी केला. पहिला अधिकृत सामना म्हणून नोंद होते ती याच सामन्याची.

घोळ आहे तो 'अधिकृत' या शब्दात. कारण त्याआधी चार वर्षे, ऑगस्ट १९२१ मध्ये, हेच दोन संघ कूचबिहार चषकात समोरासमोर आले होते. ८ तारखेचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, म्हणून १० तारखेला तो पुन्हा खेळवला गेला आणि त्यात मोहन बागानने ३-० अशी बाजी मारली. माझे घरमालक, ज्यांना मी तिथल्या रिवाजाप्रमाणे मेशोमोशाय म्हणत असे, पक्के मोहन बागानवाले होते. 'अधिकृत' हा शब्द कानावर पडला की ते हातातला चहाचा पेला खाली ठेवत. "मग एकवीस साली काय गोट्या खेळत होते? पंच होता, करंडक होता, तीन गोल होते!" यावर काय बोलावे हे मला बारा वर्षांत सुचले नाही. उलट गडियाहाटच्या बाजारातला माझा मासेवाला, ज्याचे आजोबा पूर्व बंगालातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, बरिशालहून आलेले आणि जो म्हणून ईस्ट बंगालवाला, तीन गोलांचा विषय निघताच हिलशाच्या पोटावरून सुरी फिरवत एवढेच म्हणे, "चषक येतात नि जातात, दादा. लीगचं बोला."

मासेवाल्याचे म्हणणे मला जास्त पटते, आणि त्याचे कारण ईस्ट बंगालच्या जन्मकथेत आहे. २८ जुलै १९२० रोजी याच कूचबिहार चषकात मोहन बागानशी जोडाबागान संघाचा सामना होता. जोडाबागानने आपला बचावपटू शैलेश बोस याला संघाबाहेर ठेवले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला घ्या म्हणून आग्रह धरला, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. शैलेश पूर्व बंगालचा म्हणून त्याला डावलले, असा समज पसरला. चौधुरी क्लबमधून बाहेर पडले आणि चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, सहकाऱ्यांसह त्यांनी नवा क्लब उभा केला. नावातच 'ईस्ट बंगाल' घालून त्यांनी भांडणाचे कारण पाटीवर लिहून ठेवले, म्हणा ना. एक गोष्ट मात्र सांगताना नेहमी निसटते : मूळ भांडण मोहन बागानशी नव्हतेच. ते जोडाबागानशी होते आणि मोहन बागान त्या दिवशी फक्त समोरच्या बाजूला उभा होता.

आता लीग. कलकत्ता फुटबॉल लीग १८९८ मध्ये सुरू झाली ती गोऱ्या पलटणींची आणि युरोपीय क्लबांची म्हणून. भारतीय संघांना तिचे दार उघडले १९१४ मध्ये, तेही दुसऱ्या श्रेणीचे, आणि आत गेले ते मोहन बागान आणि आर्यन. मोहन बागान पुढच्याच वर्षी पहिल्या श्रेणीत पोहोचला. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड ही मानाची फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या संघालाही लीगच्या उंबरठ्यावर तीन वर्षे थांबावे लागले, यावरून ते दार किती जड होते हे कळावे. पहिल्या श्रेणीत दोनपेक्षा जास्त भारतीय संघ नसावेत असाही नियम होता. त्या दोन्ही जागा भरलेल्या असल्यामुळे १९२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत वर आलेल्या ईस्ट बंगालपुढे प्रश्न मैदानावरचा राहिला नाही, तो कागदावरचा झाला. ईस्ट बंगालच्या गोटात आजही सांगतात की नियम सैल करायला इंग्रज क्लब तयार झाले आणि विरोध केला तो आत बसलेल्या दोन भारतीय क्लबांनीच. हे सांगताना त्यांच्या आवाजात जो कडवटपणा येतो तो शंभर वर्षे जुना वाटत नाही. शेवटी नियम गेला आणि ईस्ट बंगाल १९२५ च्या हंगामात पहिल्या श्रेणीत आला.

त्यामुळे मे महिन्याच्या त्या उकाड्यात मैदानावर उतरलेल्या दोन संघांची पत सारखी नव्हती. मोहन बागान ही छत्तीस वर्षांची, शिल्ड जिंकलेली संस्था होती. दोनच वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, हा संघ मुंबईला येऊन रोव्हर्स चषकाची अंतिम फेरी खेळून गेला होता आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला होता. ईस्ट बंगालला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती आणि वरच्या श्रेणीतला हा त्याचा पहिलाच हंगाम होता. अशा वेळी एका गोलाचे वजन तीन गोलांहून अधिक भरते, असे माझे मत आहे. मेशोमोशायांना मी ते कधी ऐकवले नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो. आज हा सामना म्हटले की घोटी (म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे) विरुद्ध बांगाल (म्हणजे पूर्व बंगालचे), मोहन बागानवाल्यांची कोळंबी विरुद्ध ईस्ट बंगालवाल्यांचा हिलसा, मूळचे कोलकातावासी विरुद्ध फाळणीत घरदार सोडून आलेले, असे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि लोक तेच चित्र उचलून १९२५ वर चिकटवतात. तेव्हा फाळणीला बावीस वर्षे अवकाश होता. ढाका, बरिशाल, फरीदपूरची माणसे कोलकात्यात येत ती शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी, आणि सुट्टीत गावी परत जात. त्यांच्या बोलीची चेष्टा होई, ती जिव्हारीही लागे, पण निर्वासितांची जखम अजून व्हायची होती. आणि गंमत पाहा : त्या काळी मोहन बागानच्या बचावाचा कणा असलेले गोष्ठ पाल, ज्यांना लोक 'चीनची भिंत' म्हणत, ते स्वतः फरीदपूरकडचे. म्हणजे ईस्ट बंगालचा संघ ज्या भिंतीवर धडका देणार होता ती पूर्व बंगालच्याच मातीची होती. ईडन गार्डन्सजवळून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. कचेरीतून येताना मी त्या वाटेने कितीदा गेलो असेन, पण ते जन्माने कुठले हे मलाही पाच-सहा वर्षांनी कळले, आणि तेही मासेवाल्याकडून. त्याने ते मोठ्या समाधानाने सांगितले होते.

त्या विजयानंतर ईस्ट बंगालचे पाय तिथे लगेच रोवले गेले असेही नाही. १९२८ मध्ये संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला. लीग जिंकणारा पहिला भारतीय संघही या दोघांपैकी नव्हे, तो १९३४ चा मोहमेडन स्पोर्टिंग. मोहन बागानला ते विजेतेपद १९३९ मध्ये मिळाले आणि ईस्ट बंगालला १९४२ मध्ये.

एवढे ऐकून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग तुम्ही कोणाकडून?" तेव्हा तेही सांगतो. भाडे मी मोहन बागानवाल्याला देत होतो आणि मासा ईस्ट बंगालवाल्याकडून घेत होतो. त्या बारा वर्षांत २८ मे १९२५ ही तारीख मी घराच्या जिन्यात कधी उच्चारली नाही, आणि १० ऑगस्ट १९२१ ही बाजारात.