वास सुटला का?

सणाच्या सुट्टीचा पहिला दिवस होता आणि दुपारचे तीन वाजले होते. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत असताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला एका वासाने अडवले. पाय आपोआप थांबले, आणि पिशव्या खाली ठेवून, दम लागल्याचे सोंग करीत, मी कठड्याला टेकून उभा राहिलो. आधी आले वितळलेले लोणी, मग तांबूस होत चाललेली साखर, तिच्यामागून संत्र्याच्या सालीची किंचित कडवट धार आणि सगळ्यांत शेवटी, घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखी सावकाश, दालचिनी. कोणाच्या तरी घरी केक होत होता.

खरे सांगायचे तर मला आनंदाआधी हेवा वाटला. कोणाचे घर असेल याचा मी दारागणिक विचार करू लागलो. डावीकडच्या घराला कुलूप होते. उजवीकडच्या गृहस्थांना डॉक्टरांनी गोड बंद केले आहे आणि त्यांनी सगळ्या घराचेच बंद केले आहे. तिसऱ्या मजल्यावर वास अधिक दाट झाला, म्हणजे उगम आणखी वर होता. काही माणसांच्या घरी सण कसा अगदी वेळेवर येतो, असा एक कडवट विचार घेऊन मी चौथ्या मजल्यावर पोचलो, तेव्हा तो दरवळ आमच्याच दाराच्या फटीतून बाहेर येत होता.

आत गेलो तर पत्नी ओव्हनसमोर स्टूल टाकून, परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तशी बसली होती. मला पाहताच म्हणाली, “अर्धा तास झाला, अजून वासच सुटत नाहीये. बेकिंग पावडर जुनी होती की काय?” बेकिंग पावडरीने केक फुगतो, वासाशी तिचा फारसा संबंध नसतो, पण काळजीत असलेल्या माणसाला रसायनशास्त्र शिकवायला जाऊ नये, एवढे शहाणपण संसाराने मला दिले आहे. “सगळा जिना घमघमतोय,” एवढेच मी म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. आतल्या खोलीत आई वर्तमानपत्र घेऊन बसली होती, तिला साक्षीला बोलावले, तर ती म्हणाली, “मी आत्ताच उठले रे, मला नका विचारू.”

नाक हे मोठे कृतघ्न इंद्रिय आहे. नवा वास आला की ते त्याचे धावत जाऊन स्वागत करते, आणि काही मिनिटांतच पाहुणा जुना झाला म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवते. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे मेंदू कमी करत जातो, म्हणजे पुढे एखादा वेगळा, कदाचित धोक्याचा, वास आला तर तो चटकन कळावा. योजना उत्तमच आहे. मात्र तिचा पहिला बळी स्वयंपाकघरात उभा असतो. लोणी मऊ करण्यापासून ज्याने सगळे केले, त्याच्या नाकाने लोण्याशी, साखरेशी, दालचिनीशी कधीच जुळवून घेतलेले असते, आणि केक खऱ्या अर्थाने दरवळू लागतो तेव्हा त्या घरात त्याच्याइतका वंचित दुसरा कोणी नसतो. दरवळ सगळा बाहेरून येणाऱ्याच्या वाट्याला जातो, ज्याने काही केलेले नसते. माझ्यासारख्याच्या.

आणि तो वास असतो तरी केवढ्याशा भागाचा! केकच्या गरात शेवटपर्यंत ओल असते, त्यामुळे ओव्हन १८० अंशांवर असला तरी गर १०० अंशांच्या वर जात नाही. वरची साल मात्र सुकते, तापते आणि तांबूस होते. त्या तांबूस होण्यामागची किमया लुई कामिय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ साली मांडली: साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले उष्णतेत एकमेकांना भेटतात आणि त्यातून रंग आणि वास यांची एक मोठी वंशावळच सुरू होते. म्हणजे घरभर जे पसरते ते सालीचे बोलणे. गर बिचारा मुका. भाजलेल्या पावाच्या सालीत जो एक खमंग वास असतो, त्याच्या मुख्य द्रव्याचे नाव टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन असे आहे, आणि सुवासिक तांदळाचा भात शिजताना जो वास येतो तोही याच द्रव्याचा. हे वाचले त्या दिवशी मला उगाचच फार बरे वाटले. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की जे वाटते आणि पाव भाजणाऱ्या भट्टीजवळून जाताना जे वाटते ते एकच आहे, असा माझा लहानपणापासूनचा दावा होता आणि घरात त्याला सगळे हसत आले होते.

लहानपणी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी केक व्हायचा, पहिल्या दिवशी कधीच नाही. पहिला दिवस डबे घासण्याचा. लोणी आणि साखर फेटायचे काम माझ्याकडे असे आणि मैदा तीनदा चाळायचे भावाकडे. फेटायचे ते एकाच दिशेने, असा आईचा दंडक होता. त्यामागचे कारण तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही, आणि आजही हातात पळी उलटी फिरली तर मी दचकतो. दंड भरून येई. मिश्रण पांढरे आणि हलके झाले की आई फडताळाच्या वरच्या कप्प्यातून ती बाटली काढी. करंगळीएवढी, तपकिरी काचेची, व्हॅनिला एसेन्सची. त्या बाटलीचे बूच निघाले की सण सुरू झाला.

ज्याचा वास एवढा गोड, त्याची चव केवढी असेल, हा प्रश्न प्रत्येक घरातल्या प्रत्येक मुलाला एकदा पडतो आणि उत्तर प्रत्येकाने स्वतःच मिळवायचे असते. मी सात वर्षांचा असताना, दुपारी सगळे निजलेले पाहून, स्टुलावर स्टूल ठेवून ते मिळवले. जीभ भाजली. कडू, जळजळीत, औषधाहून वाईट. थुंकायला मोरीकडे धावलो तर समोर आई. मी तोंड गच्च मिटून निरागस चेहरा केला. ती वाकली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “कसं लागलं एसेन्स?” तोंड मिटलेले असताना तिला कळले कसे, हे कोडे मला बरीच वर्षे पडले होते. तिचे नाक तसे होते. दूध उतू जाण्याच्या आधी तिला कळे, आमच्यापैकी कोणाला ताप येणार हेही तिला माथ्याच्या वासावरून कळे, आणि केकसाठी तिने कधी घड्याळ पाहिल्याचे मला आठवत नाही.

भांडे ओव्हनमध्ये गेले की घरात एक प्रकारची संचारबंदी लागू होई. पळायचे नाही, दार आपटायचे नाही, ओव्हनचे दार तर उघडायचेच नाही; केक बसतो. उघडल्या दारातून उष्णता जाते आणि अर्धवट जमलेला फुगारा खाली येतो, हे खरेच आहे, पण पावले वाजवल्याने केक बसतो का, याबद्दल मला शंका आहे. शंका असूनही मी आजतागायत केक आत असताना चवड्यांवर चालतो. उरलेल्या मिश्रणाच्या पातेल्यात बोटाने सीमारेषा आखून आम्ही दोघे भाऊ आपापला मुलूख चाटून पुसून घ्यायचो, आणि ते संपले की जमिनीवर बसून वास कोणत्या पायरीवर आला आहे ते ओळखायचो. पहिली दहा मिनिटे काहीच नाही. मग लोणी. मग व्हॅनिला, जी येते ती एकदम, दारातून नाही तर जणू भिंतीतून. आणि शेवटी तो तांबूस, खरपूस वास, ज्याला आमच्या घरात नाव नव्हते. आम्ही त्याला नुसते “झाला” म्हणायचो.

नेमक्या या शेवटच्या टप्प्यावर आई घराबाहेर जात असे. कधी वाळत घातलेले काही काढायला, कधी केराची टोपली ठेवायला, कधी नुसतीच. दार ओढून घेई, दोन-चार मिनिटे जिन्यात काढी, परत आत येई, उंबऱ्याच्या आत एक क्षण थांबे आणि थेट ओव्हनकडे जाऊन केक बाहेर काढी. बरोबर त्याच वेळी तो झालेला असे. एवढे महत्त्वाचे काम चालू असताना ही बाहेर कशाला जाते, याचा मला राग येई. पुढे बऱ्याच वर्षांनी, मीच केक करू लागल्यावर, मी तिला विचारले. ती म्हणाली, “आत राहून कळत नाही रे. बाहेर जाऊन यावं लागतं.”

त्या तपकिरी बाटलीतला अर्क खोटा असतो, हे मला मोठेपणी एका जाणकार मित्राने तुच्छतेने सांगितले. खरी व्हॅनिला ही एका ऑर्किडची शेंग. वेलीवरून काढली तेव्हा तिला वास नसतो, तो महिनोन्‌महिने उबवून आणि वाळवून आणावा लागतो. फूल उमलते जेमतेम एक दिवस. मूळ देशापासून दूर नेलेल्या वेलींना शेंगाच धरत नव्हत्या, तेव्हा १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एक बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने फुलाचे परागीकरण कसे करायचे ते शोधून काढले. आजही जगातली बहुतेक व्हॅनिला त्याच पद्धतीने, फुलाफुलाला हात लावून होते. त्या मुलाला पुढे स्वातंत्र्य मिळाले, पैसा मिळाला नाही. १८८० साली तो दारिद्र्यात वारला. हे वाचल्यापासून खरी शेंग हातात घेताना मला उगाच संकोच होतो. बाटलीतल्या अर्काची कथा साधी आहे: १८७४ साली दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांमधल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवून दाखवले, आणि व्हॅनिलाच्या वासाचा कणा त्या एका द्रव्याचाच आहे. खऱ्या शेंगेत त्याच्या जोडीला शेकडो इतर द्रव्ये असतात, म्हणून तिचा वास खोल आणि गुंतागुंतीचा असतो, हे मला मान्य आहे. मी दोन्ही वापरून पाहिले. खऱ्या शेंगेचा केक श्रेष्ठ झाला, सगळ्यांनी तसे सांगितले, आणि मला त्यात सुट्टीचा वास सापडला नाही. माझी सुट्टी त्या खोट्या बाटलीत आहे, त्याला माझा इलाज नाही.

मात्र केकच्या वासाच्या मेणबत्त्या मिळतात, त्या मला मुळीच सहन होत नाहीत. एकदा भेट आलेली एक पेटवली, तेव्हा मी दोनदा उठून ओव्हन पाहून आलो. जो वास घरभर पसरून शेवटी ताटलीत काहीच ठेवत नाही, त्याला माझ्या मते वास म्हणू नये. तो थाप मारणे आहे.

तर त्या पहिल्या दिवशीचा केक उत्तम झाला होता आणि संध्याकाळपर्यंत संपलाही. दोन दिवसांनी दुसरा करायची पाळी माझी होती. मी लोणी आणि साखर एकाच दिशेने फेटली, जायफळ किसले, बाटलीतले तीन थेंब मोजून घातले. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसली होती आणि मधूनमधून सूचना देत होती. गेल्या वर्षभरात ती तशी कमी बोलते. दुधाचे पातेले अलीकडे दोनदा करपले, तेव्हा गॅसची शेगडीच नीट नाही असे ती म्हणाली होती आणि आम्ही शेगडी दुरुस्त करून घेतली होती. मध्येच मला फोन आला, मी बोलत बोलत गॅलरीत गेलो, ते संभाषण नको इतके लांबले. परत येतो तो आई खुर्चीवर नव्हती. दार उघडे होते आणि ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती.

ती हळूहळू आत आली, उंबऱ्याच्या आत नेहमीसारखी थांबली, डोळे मिटून तिने दीर्घ श्वास घेतला आणि हसली. “सुटला रे वास,” ती म्हणाली, “छान सुटलाय. पाच मिनिटांत काढ, नाहीतर साल जाड होईल.”

मी ओट्याकडे पाहिले. मिश्रणाने भरलेले भांडे तिथेच होते. ओव्हन मी अजून लावलाच नव्हता.

“हो, झालाच,” मी म्हणालो. आणि ती पाठ फिरवून खुर्चीकडे गेली तेवढ्यात आवाज न करता ओव्हनचे दार उघडून मी भांडे आत सरकवले.