तुम्ही विचारलंत म्हणून : पेशीतला माल योग्य जागी पोहोचतो कसा?

पेशीविज्ञानाचा विषय निघाला की मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा असतो : पेशीच्या आत पटलाच्या (पातळ आवरणाच्या) असंख्य पुटिका, म्हणजे माल वाहणाऱ्या इवल्या पिशव्या, एकाच वेळी इकडून तिकडे जात असतात, मग त्यांतली प्रत्येक नेमक्या जागीच कशी पोहोचते, डबेवाल्यांच्या डब्यावर असते तशी खूण तिच्यावर असते काय? खूण असते हे खरे. परंतु डब्यावरची खूण रंगाने काढलेली असते आणि टिकावी म्हणूनच काढलेली असते. पुटिकेवरची खूण थोड्या वेळाने पुसली जाते, आणि माझ्या मते सगळे मर्म त्या पुसले जाण्यातच आहे.

ही खूण म्हणजे रॅब कुळातील लहान प्रथिने. माणसात त्यांचे 60 हून अधिक प्रकार आहेत, आणि प्रत्येकाची पेशीतली जागा बहुधा ठरलेली असते. रॅबला जीटीपी हा तीन फॉस्फेटांचा लहान रेणू जोडलेला असताना त्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग असा आकार घेतात, की पुटिकेला वाहून नेणारी आणि तिला लक्ष्यपटलाशी बांधणारी प्रथिने तिथे येऊन चिकटू शकतात. जीटीपीचा शेवटचा फॉस्फेट तुटून दोन फॉस्फेटांचा जीडीपी उरला की हे भाग सैल पडतात, जमलेली मंडळी पांगतात आणि जीडीआय नावाचे प्रथिन रॅबला त्याच्या मेदाच्या शेपट्यांसह पटलातून उचलून घेते. पुन्हा सुरुवात करायची तर जीईएफ गटातील प्रथिन लागते. ते जीटीपी आत बसवत नाही, केवळ जीडीपीची पकड सोडवते. पेशीत जीटीपीचे प्रमाण जीडीपीच्या कितीतरी पट असल्यामुळे रिकाम्या जागेत जीटीपी आपोआप येतो. इतकी काटकसरीची रचना मला क्वचितच दिसली आहे.

या कुळाचा माग यीस्टमुळे लागला. रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी 1980 च्या सुमारास स्राव अडलेल्या यीस्टमधून 23 जनुके वेगळी काढली. त्यांतल्या सेक4 या जनुकाचे, रॅब कुळातलेच, प्रथिन कर्करोगाशी निगडित असलेल्या रास प्रथिनासारखे आहे, हे 1987 मध्ये दिसून आले.

जीटीपी तुटताना मोकळी होणारी ऊर्जा पटले जोडण्यासाठी वापरली जात असावी, असा तर्क कोणीही केला असता. मारिनो झेरियल यांच्या गटाने 1996 मध्ये रॅब5 या रॅब प्रकारावर केलेल्या प्रयोगांतून वेगळेच चित्र पुढे आले : पटले जुळण्यासाठी जीटीपी तुटण्याची गरज नसते, आणि पटले जुळोत वा न जुळोत, रॅब5 आपला जीटीपी तोडतच राहते. म्हणजे हे तुटणे घड्याळाचे काम करते. खूण जितका वेळ टिकेल तितकीच जुळण्याची संधी. घड्याळ फार लवकर संपू नये याचीही तजवीज आहे, कारण सक्रिय (जीटीपी जोडलेले) रॅब5 रॅबाप्टिन-5 या प्रथिनाला ओढून आणते, रॅबाप्टिन-5 सोबत रॅबेक्स-5 हे जीईएफ असते, आणि ते शेजारच्या आणखी रॅब5 रेणूंना सक्रिय करते.

प्रश्नातली एक गोष्ट मात्र मुळातच बदलायला हवी. माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातो असे आपण धरून चालतो. 2005 मध्ये जिवंत पेशींचे चित्रण करताना असे आढळले, की पेशीने बाहेरून आत घेतलेला माल बाळगणाऱ्या एकाच एंडोसोमवरचे रॅब5 ओसरते आणि त्याच एंडोसोमवर रॅब7 हा दुसरा रॅब प्रकार चढतो. मॉन1 आणि सीसीझेड1 या प्रथिनांची जोडी रॅबेक्स-5 ला हटवते व रॅब7 ला सक्रिय करण्यास हातभार लावते. अशा वेळी डबा बदलत नाही, त्याचीच ओळख बदलते, आणि मग तो लायसोसोमशी, म्हणजे माल पचवून मोडणाऱ्या पेशीतल्या पिशवीशी, जुळण्यास पात्र होतो.

क्षयाचे जंतू नेमके याच वळणावर अडथळा आणतात. बीसीजी या क्षयाच्या लशीतील जंतूंवरच्या प्रयोगांत 1997 मध्ये आढळले, की भक्षकपेशीने गिळलेल्या जंतूभोवतीच्या पटलावर रॅब5 टिकून राहते, पण रॅब7 येत नाही. जंतू रॅब5 ला हटवत नाही. रॅब5 ने बोलावलेले एन्झाइम पटलावर पीआय3पी नावाचा मेद तयार करते, आणि जंतूने सोडलेले सॅपएम हे एन्झाइम तोच मेद मोडून टाकते. पुढची प्रथिने पटलावर येण्यासाठी हा मेद लागत असल्यामुळे लायसोसोमची भेट टळते, आणि जंतू भक्षकपेशीतच तग धरून राहतो.