हाफ-टाइम शफल: आठव्या जागेवर अडलेला डावा हात

हाफ-टाइम शफल हा ड्रम्सवरचा ठेका शिकवणारे जेवढे धडे मी पाहिले आणि वाचले, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात हे वाक्य आहे: "आता मधल्या मोकळ्या जागी डाव्या हाताने हलक्या घोस्ट नोट्स भरा." हे सांगून झालं की शिकवणारा लगेच पूर्ण वेगात वाजवायला लागतो. जे त्या एका वाक्यात उरकलं जातं, तिथेच मी कित्येक महिने अडकून पडले होते. आता ग्रूव्ह, म्हणजे हा ठेका, हातात बसला आहे, पण तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बाकीचे टप्पे भराभर सांगेन, कारण त्यांत खरंच फार काही नाही.

आधी मांडणी. चार मात्रांचा बार, प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग, म्हणजे एकूण बारा जागा. प्रत्येक मात्रेला तोंडाने "तकिट" म्हणत गेलं की चार वेळा तकिट म्हणजे एक बार. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) प्रत्येक तकिटमधला "त" आणि "ट" वाजवतो, मधला "कि" सोडतो. एवढा झाला शफल. साध्या शफलमध्ये स्नेअरचा (खाली तारा असलेल्या ड्रमचा) जोरदार ठोका, म्हणजे बॅकबीट, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. हाफ-टाइममध्ये तो फक्त तिसऱ्या मात्रेवर येतो. मेट्रोनोमचा (टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्राचा) वेग तोच राहतो, पण ऐकणाऱ्याला गाणं निम्म्या लयीत चालल्यासारखं वाटतं. सोडलेल्या प्रत्येक "कि"वर डावा हात स्नेअरवर अगदी हलका ठोका देतो, त्या घोस्ट नोट्स. बाराच्या हिशोबात सांगायचं तर डाव्या हाताच्या जागा 2, 5, 7, 8 आणि 11. त्यांतली 7 म्हणजे बॅकबीट, बाकी चारही घोस्ट.

हा ग्रूव्ह ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ड्रमर बर्नार्ड पर्डी. स्टीली डॅन या बँडच्या 1977 च्या 'एजा' अल्बममधलं 'होम ॲट लास्ट' ऐका, त्यात तो आहे. लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमने 1979 मध्ये 'फूल इन द रेन'मध्ये त्याचं स्वतःचं रूप वाजवलं. मग 1982 मध्ये टोटोच्या 'रोझॅना'साठी जेफ पोर्कारोने या दोघांचं घेऊन त्याखाली बो डिडली बीटवर (गिटारवादक बो डिडलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठेक्यावर) बेतलेली किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे ठोके, घातली, आणि हे कुठून आलं ते त्याने स्वतः मोकळेपणाने सांगितलेलं आहे. ऐकायला सुरुवात 'रोझॅना'पासून करावी असं माझं मत आहे, कारण ते गाणं ड्रम्सनेच सुरू होतं आणि घोस्ट नोट्स उघड्या ऐकू येतात. वाजवायला मात्र ते शेवटी घ्या.

हाय-हॅटचा उजवा हात मला लवकर जमला. किकही सुरुवातीला फक्त पहिल्या मात्रेवर आणि दुसऱ्या मात्रेच्या "ट"वर, म्हणजे सहाव्या जागी ठेवली, तीही जमली. 2, 5 आणि 11 या घोस्ट नोट्स सुद्धा बसल्या. उरली एकच जागा, आठवी.

ही आठवी जागा कुठे आहे ते नीट बघा. सातव्या जागी डावा हात पूर्ण जोराने स्नेअरवर येतो आणि लगेच पुढच्या जागी त्याच हाताने, जेमतेम ऐकू येईल असा ठोका द्यायचा असतो. मध्ये एकही मोकळी जागा नाही. मेट्रोनोम 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 मात्रांवर, असेल तर या दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा फक्त तिसरा भाग मिळतो. 'रोझॅना'च्या आसपासच्या 85 च्या लयीत तर पाव सेकंदापेक्षाही कमी. बाकीच्या तिन्ही घोस्ट नोट्सच्या आधी हाताला उसंत आहे, हिच्याआधी नाही. त्यामुळे माझी आठवी नोट एक तर बॅकबीटइतकीच मोठी यायची, नाही तर उशिरा यायची, नाही तर गळून जायची.

याचं कारण समजायला मला फार वेळ लागला, आणि ते कारण अगदी साधं आहे. जोराने मारलेली स्टिक चामड्यावरून उसळून परत वर जाते. सैल पकडीत ती साधारण जिथून आली तिथवर पोहोचते. म्हणजे बॅकबीट एक वीतभर उंचीवरून दिला, तर तो झाल्यावर स्टिक पुन्हा वीतभर वर असते. तिथून मारलेला कुठलाही ठोका हलका येणारच नाही. ठोका हलका यायचा असेल तर स्टिकचं टोक चामड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असायला हवं. म्हणून बॅकबीट झाल्याक्षणी स्टिकला खाली थांबवणं, हेच या ग्रूव्हचं खरं काम आहे. हे मला एकाही धड्यात सांगितलेलं आढळलं नाही. सगळीकडे एवढंच: सैल राहा, हळू वाजवा, सराव करत राहा.

"हळू वाजवा" या सल्ल्यावर मला विशेष बोलायचं आहे. मेट्रोनोम 40 वर ठेवला की दोन जागांमध्ये अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात स्टिक वर जाऊ देऊन, पुन्हा खाली आणून, हळूच टेकवता येते. ऐकायला बरोबर येतं आणि वाटतं, जमलं. पण हाताने शिकलेली ती हालचालच वेगळी असते आणि वेग वाढला की ती मोडते, कारण वर जाऊन परत यायला वेळच उरत नाही. मग आपण पुन्हा हळू वाजवतो, पुन्हा तीच हालचाल पक्की करतो. या ग्रूव्हपुरतं मी ठामपणे सांगेन की 55-60 च्या खाली जाऊ नका. अवघड वाटलं तर वेग कमी करण्याऐवजी नोट्स कमी करा.

उपाय रूडिमेंट्सच्या, म्हणजे ड्रमच्या पायाभूत धड्यांच्या, सरावात पहिल्यापासून होता. स्टिकच्या उंचीप्रमाणे ठोके चार प्रकारचे मानतात: वरून सुरू होऊन वरच संपणारा फुल स्ट्रोक, वरून सुरू होऊन खाली थांबणारा डाउन स्ट्रोक, खालीच सुरू होऊन खालीच संपणारा टॅप, आणि खालून हलका ठोका देऊन वर जाणारा अप स्ट्रोक. हे चार प्रकार पॅडवर घोटून घेतले जातात, पण पुढे ते कुठे वापरायचे याचा धागा कोणी जोडून देत नाही. मी एका संध्याकाळी डाव्या हाताच्या पाच जागा कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकीखाली ठोक्याचा प्रकार लिहिला. दुसरी जागा टॅप. पाचवी अप, म्हणजे हलका ठोका देऊन बॅकबीटसाठी वर जायचं. सातवी डाउन. आठवी टॅप. अकरावी टॅप. कागदावर हे उतरलं तेव्हा कुठे कळलं की आठव्या नोटेचा प्रश्न सातव्या नोटेतच सोडवायचा आहे, आणि सातवीची तयारी पाचवीत करायची आहे. आठवीकडे नुसतं लक्ष देऊन ती कधीच सुधारली नसती.

डाउन स्ट्रोकमध्ये थांबवायचं कसं, तर स्टिक चामड्याला लागल्यावर मागची तीन बोटं क्षणभर तळहाताकडे मिटायची आणि लगेच सोडायची. हे सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे. बोटं मिटलेलीच राहिली की आठवा ठोका ताठ येतो, मनगट आखडतं आणि दोन मिनिटांत पुढचा हात भरून येतो. काही ड्रमर थांबवण्याऐवजी उसळीतूनच बोटांनी दुसरा ठोका काढतात. चांगल्या वेगात तेही सुंदर वाजतं. पण शिकताना मला थांबवण्याचा मार्गच भरवशाचा वाटला, कारण त्यात काय बिघडलं ते डोळ्यांनी दिसतं: सातव्यानंतर टोक खाली आहे की वर, एवढंच बघायचं.

मी केलेला क्रम असा होता. उजवा हात मांडीवर ठेवायचा. डाव्या हाताने फक्त 7 आणि 8, बाकी बार तोंडाने तकिट. आठव्यानंतर हात खालीच ठेवून पूर्ण बार थांबायचं, वर नाचवायचा नाही. हे कंटाळवाणं आहे, पण यातच सगळं आहे. मग 5, 7, 8. मग पाचही जागा. डावा हात एकटा पाच मिनिटं न बिघडता चालला की मगच उजव्याला बोलवायचं, आणि तेही आधी फक्त सातव्या जागी, दोन्ही हात एकत्र पडतात तिथे.

तिथे आणखी एक गाठ आहे. सातव्यावर डावा हात जोरात येतो तेव्हा उजवाही नकळत जोर लावतो आणि हाय-हॅट एकदम किंचाळतो. शिवाय डावा हात थांबला की उजवाही त्याच्याबरोबर थबकतो, त्यामुळे नवव्या जागेचा हाय-हॅट उशिरा येतो. नववी उशिरा आली की पूर्ण ग्रूव्ह लंगडतो. मला यावर एकच गोष्ट लागू पडली: स्नेअर मोजणं सोडून हाय-हॅट गायचा. तोंडाने फक्त "त...ट त...ट त...ट" आणि डाव्या हाताला त्याच्या सवयीवर सोडायचं. डावा हात एकटा पक्का झालेला असेल तरच हे चालतं, म्हणून वरचा क्रम सोडू नका.

आधी सांगायची राहिलेली गोष्ट: हे सगळं फक्त प्रॅक्टिस पॅडवर करू नका. रबरी पॅडची उसळी स्नेअरपेक्षा जास्त असते, आणि घोस्ट नोटचा आवाज किती हे पॅडवर कळतच नाही. घोस्ट नोट ऐकू येते ती मुख्यतः स्नेअरखालच्या तारांमुळे. तारा फार आवळलेल्या असतील तर हलका ठोका गुदमरतो, फार सैल असतील तर प्रत्येक नोट दुसरीत मिसळते. मी तारा थोड्या सैल केल्या आणि घोस्ट नोट्स अर्ध्या ताकदीत ऐकू यायला लागल्या. हे आधी केलं असतं तर विनाकारण जोर लावण्याची वेळच आली नसती, आणि हेही कोणी सांगत नाही.

बॅकबीटला रिमशॉट, म्हणजे चामडं आणि ड्रमची कड एकदम वाजवणारा ठोका, सुरुवातीला देऊ नका. रिमशॉटसाठी हात खाली आणून स्टिक आडवी करावी लागते, आणि आठवी नोट त्याच कोनात मारली की स्टिक कडेवरच वाजते. साध्या ठोक्याने ग्रूव्ह बसल्यावर रिमशॉट आणायला मला फारसा त्रास झाला नाही.

फोनवर रेकॉर्ड करून ऐकणार असाल, आणि ते करायलाच हवं, तर एवढं लक्षात ठेवा की बरेच फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि लहान आवाज उचलतात. रेकॉर्डिंगमध्ये घोस्ट नोट्स आहेत त्यापेक्षा मोठ्या वाटतात. फोन लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि ॲपमध्ये सोय असेल तर आवाजाची पातळी हाताने ठरवा. तरीही उंचीचा अंदाज घ्यायला आवाजापेक्षा बाजूने घेतलेला व्हिडिओ जास्त उपयोगी पडला. सातव्यानंतर टोक कुठे आहे ते त्यात स्पष्ट दिसतं.

उजव्या हाताबद्दल थोडं. "त"ला स्टिकचा खांदा (टोकाच्या मागचा निमुळता भाग) हाय-हॅटच्या कडेवर आणि "ट"ला टोक वरच्या बाजूवर, असं केलं की शफल डुलायला लागतो. दोन्ही सारखेच वाजवले तर टाइपरायटर होतो. आणि "ट" फार लवकर आला तर शफल सपाट होतो, फार उशिरा आला तर तो मार्चसारखा उड्या मारतो. घोस्ट नोट्सचा मोठा फायदा इथे आहे: मधला "कि" जागेवर असेल तर "ट"ला इकडेतिकडे सरकायला वावच मिळत नाही. म्हणून घोस्ट नोट्स ही नंतर करायची सजावट आहे असं जे म्हणतात, त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. या ग्रूव्हची लय त्याच धरून ठेवतात.

जमलं हे मला कधी कळलं? मेट्रोनोमची टिक फक्त तिसऱ्या मात्रेवर ठेवली होती आणि बॅकबीट टिकेच्या बरोबर अंगावर पडत गेला, टिक ऐकूच येईना. त्यानंतरची आठवी नोट शांतपणे, न मागता, आपल्या जागी आली. त्या दिवशी मी ड्रम्सवरून उठलेच नाही. इतका अभिमान मला कुठल्याही वेगवान फिलचा (ठेक्याच्या मध्ये वाजवायच्या छोट्या तुकड्याचा) वाटलेला नाही.

सध्या किकवर काम चालू आहे. बो डिडलीच्या अंगाने जाणारी ती दोन बारांची किक वर येताच डावा हात पुन्हा उचलायला लागला, हे दुसऱ्याच बैठकीत लक्षात आलं. म्हणून परत तेच करते आहे: उजवा हात मांडीवर, डाव्या हाताच्या पाच जागा, आणि खाली नुसती किक.