वेंगुर्ले: वखारीच्या भिंती आणि रापणीची दोरी

वेंगुर्ल्याला मी गेलो होतो डच वखार पाहण्यासाठी. मात्र मुक्कामातला बराचसा वेळ गेला तो उभादांड्याच्या किनाऱ्यावर, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरीपाशी.

वखारीच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर कधीच गेले असून झाडांच्या मुळांनी दगडांच्या फटीफटींत घर केले आहे. सतराव्या शतकात आदिलशाहीच्या संमतीने डच इथे आले. पोर्तुगीजांच्या गोव्याला वेढा घालून बसणाऱ्या आपल्या जहाजांना अन्नधान्य पुरवण्यासाठी त्यांना गोव्याच्या जवळचे, पण पोर्तुगीजांच्या हाताबाहेरचे बंदर हवे होते, हे ध्यानात घेतले की एवढ्या भक्कम वखारीचे नवल वाटत नाही. पुढे १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि घाटावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून खाली उतरून इथल्या गलबतांत चढू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे थेट गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत पोहोचली, तेव्हा घाटावरच्या मालाला वेंगुर्ल्याची वाट धरण्याचे कारणच उरले नाही.

व्यापार गेला, पण गाव राहिले, आणि ते कशावर राहिले हे मला दुसऱ्या दिवशी पहाटे दिसले. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे सोडले होते आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणून माणसे ओढत होती. मी बाजूला उभा राहून पाहत होतो, तेवढ्यात मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातल्या एका वयस्क गृहस्थांनी हाक दिली, "उभे कित्याक? हात लावा!" दोरी ओली, खरखरीत आणि वाळूने भरलेली होती. प्रत्येक जण पाठमोरा मागे सरकत जाई आणि सर्वांत मागे पोहोचला की दोरी सोडून पुन्हा पाण्याजवळ येऊन ती धरी, त्यामुळे ओढणे क्षणभरही थांबत नव्हते. तासाभराने माझे तळवे लाल झाले आणि जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला, तेव्हा आत तारल्यांची, म्हणजे लहान चंदेरी माशांची, चांदी उसळत होती.

त्यानंतरची वाटणी मला सर्वांत मोलाची वाटली. होडीचा, जाळ्याचा आणि राबणाऱ्या हातांचा असे वाटे वाळूवरच पडले. ज्यांना आता ओढणे झेपत नाही, अशा एका आजोबांसमोरही कोणी न सांगता मूठभर मासे ठेवले गेले. यांत्रिक होड्यांवरून माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळचे मासे आधीच उचलले जातात, ही या लोकांची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण रापण मासळी किनाऱ्यालगत येण्याची वाट पाहते, तिच्या मागे खोल पाण्यात जात नाही.

निघताना आजोबांनी आपल्या वाट्यातले चार तारले माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो, तर ते म्हणाले, "दोरयेक हात लावलास मां? मगे घेवा."