गेट पडलंय

पुण्याहून निघताना आईनं दोनच गोष्टी विचारल्या. तिथं मराठी चालतं का, आणि पाणी रोज येतं का. पहिल्याचं उत्तर मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. दुसऱ्यासाठी आम्ही आल्या आल्या दोन पिंपं घेतली.

नवऱ्याला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरी लागली, म्हणून बेळगाव. दोन खोल्या मिळाल्या त्या टिळकवाडीत, शुक्रवार पेठेत. माझं माहेर पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं. म्हणजे साडेतीनशे किलोमीटर टेम्पोतून सामान हलवून मी पुन्हा शुक्रवारातच उतरले! सोमवार, मंगळवार, गुरुवार हे शेजारीही जुनेच. पण पेठेच्या नावावर इथं फार भागत नाही. रिक्षावाला विचारतोच, "कुठल्या गेटाजवळ?"

गेट म्हणजे रेल्वेचं. मिरज-लोंढा लाइन टिळकवाडीला चिकटून जाते आणि तिच्यावर पहिलं, दुसरं, तिसरं अशी गेटं. सगळे पत्ते त्यांच्यावर टांगलेले. आमचं दुसरं. काँग्रेस रोडला फिरायला जायचं तर ते ओलांडावं लागतं. हा रोड १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाचा, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. आता तिथं संध्याकाळी लोक पोट कमी करायला चालतात.

"गेट पडलंय" हे इथलं सर्वमान्य कारण. दूध उशिरा आलं, पाहुणे उशिरा आले, कामवाल्या मावशी आल्याच नाहीत. एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. सुरुवातीला मला त्या गेटाचा संताप यायचा. पुण्यात सिग्नल लाल झाला तरी सेकंद दिसतात, माणूस आकड्यांकडे बघत कसाबसा तग धरतो. इथं नुसता दांडा खाली येतो. गाडी कुठल्या बाजूनं, कधी, किती लांब, काही पत्ता नाही. नवरा स्कूटर बंद करायचा आणि आम्ही उभे.

उभं राहिल्यावर बोलावं लागतं. घरात आमचं बोलणं म्हणजे पिंप भरलं का, गॅसचं काय झालं, लाइटबिलावर काय लिहिलंय. (ते कन्नडात. आम्ही दोघं नुसता आकडा बघायचो आणि खूप समजल्यासारखी मान हलवायचो.) गेटावर मात्र त्याला फाउंड्री आठवायची. तिथं सकाळपासून कन्नड. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याला "ऊटा आतेन्री?" विचारायचे, आणि हा पहिला आठवडाभर नुसता हसायचा. जेवण झालं का, एवढंच विचारत होते बिचारे. मग त्याचं उत्तर शिकला, मग आकडे.

ते आकडे आम्ही मालगाडीवर घोटले. ओंदु, येरडु, मूरु, डबा गेला की पुढचा. मी दहाच्या पुढं हमखास घसरायची. एकदा शेजारच्या सायकलवरचे आजोबा न राहवून म्हणाले, "हन्नोंदु म्हणा की," आणि उरलेली गाडी आम्ही तिघांनी मोजली. नलवत्तेरडु. बेचाळीस. ते आजोबा मराठीच होते.

माझी शिकवणी वेगळी, घरमालकीण काकूंकडे. तूप संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात हातवारे करून आले, तर काकू पोट धरून हसल्या. "अगं, तूपच म्हणायचं. ते तुप्पा म्हणतात, एवढंच." त्या स्वतः "मी बाजारात जाऊन आलो" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काकांबद्दल बोलतायत. इथल्या कितीतरी बायका असंच म्हणतात, जातो, येतो, आलो. व्याकरण गेलं खड्ड्यात, पण त्या बोलण्यात एक ऐसपैसपणा आहे. दिवाळीला माहेरी गेले आणि दारातनं "आई, आलो गं" म्हणाले, तर आई माझ्या मागं जावई शोधायला लागली.

गावाला नावंही दोन. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदावर बेळगावी, आमच्या तोंडी बेळगाव. पार्सलवर एक लिहिते, फोनवर दुसरं सांगते. दर १ नोव्हेंबरला तर एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस. १९५६ पासून ठसठसणारं सीमावादाचं दुखणं ते. पहिल्या वर्षी आम्ही बावरून पोहे करून घरात बसलो. काकू म्हणाल्या, "बस आज. उद्या सगळी एकाच दुकानात दिसतात की."

परवा पेठेतली मंडळी अर्ज घेऊन आली. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झालाय, तसा दुसऱ्यावर हवा. मागणी अगदी रास्त. ॲम्ब्युलन्स अडकते, शाळेच्या रिक्षा अडकतात. नवऱ्यानं उभ्याउभ्याच सही केली, रोज त्याला उशीर होतो. मग त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. मी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, मागची कोरी बाजूही उलटून बघितली. नवरा माझ्याकडे बघत होता.

"बघतो की," मी म्हणाले.